रोमिंगच्या बिलातला सोन्याचा फ्रँक

डोंबिवलीचे एखादे निवृत्त गृहस्थ मुलाकडे सिंगापूरला जातात, विमानतळावर उतरताच भ्रमणध्वनी सुरू करतात आणि सुखरूप पोहोचल्याची वार्ता दोन मिनिटांत घरी कळवितात. त्या दोन मिनिटांचे मोल शेवटी त्यांच्या बिलावर रुपयांत उमटते हे खरे, परंतु सिंगापूरची कंपनी आणि मुंबईची कंपनी यांच्या दरम्यान जो हिशेब होतो, तो बहुतेक करारांत रुपयांतही नसतो आणि सिंगापुरी डॉलरांतही नसतो. तो असतो एसडीआर नावाच्या एका हिशेबी मापात, जे कोणत्याही टांकसाळीत पाडले जात नाही, कोणाच्या खिशात खुळखुळत नाही, आणि ज्याचा भाव वॉशिंग्टनचा आंतरराष्ट्रीय नाणेनिधी ठरवून जाहीर करतो. परदेशप्रवासात स्वस्त फोनसेवा कशी निवडावी याची चौकशी ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या घरोघरी चालते. पॅक मारावा की तिकडचे सिम घ्यावे यावर जाणते लोक मते देतात. परंतु ज्या जमाखर्चावर हे सारे दर उभे आहेत, त्याच्या कुळाची चौकशी कोणी केलेली माझ्या पाहण्यात नाही. माझे प्रतिपादन असे की या कुळाचा मूळपुरुष भ्रमणध्वनीच्या युगातला मुळीच नाही. तो १८०३ सालचा, नेपोलियनच्या अमदानीतला, सोन्याचा फ्रँक आहे.

या प्रतिपादनाचा सारा भार एका आकड्यावर आहे. मेलबर्न येथे १९८८ साली संमत झालेल्या आंतरराष्ट्रीय दूरसंचार नियमावलीत, देशोदेशीच्या तार-टेलिफोन खात्यांनी परस्परांचे देणेघेणे कशात मांडावे हे सांगताना दोन परिमाणे दिली आहेत: एक नाणेनिधीचे एसडीआर, आणि दुसरे सोन्याचा फ्रँक, आणि दोहोंचे प्रमाण असे घालून दिले आहे की एक एसडीआर म्हणजे ३.०६१ फ्रँक. उपग्रह आणि संगणक यांच्या त्या काळात, करारनाम्याच्या कलमात, सोन्याचा फ्रँक जिवंत उभा पाहून मी थबकलो, आणि हा विचित्र अपूर्णांक आला कोठून याचा शोध लागेपर्यंत मला चैन पडेना. फ्रान्सच्या १८०३ च्या नाणेकायद्याप्रमाणे नऊ दशांश कसाच्या एक किलो सोन्यातून वीस फ्रँकची १५५ नाणी पाडावयाची. म्हणजे किलोचे ३१०० फ्रँक झाले, आणि एका फ्रँकच्या वाट्याला शुद्ध सोने आले ०.२९०३२२ ग्रॅम. नाणेनिधीने १९६९ साली एसडीआर निर्माण केले, तेव्हा त्याची व्याख्या ०.८८८६७१ ग्रॅम शुद्ध सोने अशी केली. औंसाला ३५ डॉलर या तत्कालीन भावाने एका डॉलरला जितके सोने मिळे, तितकेच नेमके हे वजन. आता दुसऱ्या वजनाला पहिल्याने भागावे. उत्तर ३.०६१ येते. एसडीआरने पुढे १९७४ साली सोन्याशी फारकत घेतली आणि अनेक चलनांच्या सरासरीवर आपला भाव टेकविला, तरी हे प्रमाण तसेच गोठून राहिले. सोनाराच्या तराजूवर ठरलेला हा आकडा दूरसंचाराच्या दफ्तरात कायम झाला.

परंतु फ्रँक मुळात तारेच्या हिशेबात शिरला कसा? १७ मे १८६५ रोजी पॅरिस येथे वीस राष्ट्रांच्या वकिलांनी आंतरराष्ट्रीय तारसंघाच्या करारावर सह्या केल्या, आणि त्या करारात आंतरराष्ट्रीय दरांचे माप म्हणून फ्रँक मुक्रर झाला. तारेच्या आरंभीची अवस्था अशी होती की एका मुलुखातली तार सीमेवर येऊन थांबे, कारकून ती कागदावर उतरून पलीकडच्या कारकुनाच्या हाती देई, आणि प्रत्येक सरहद्दीवर वेगळा दर, वेगळे नाणे व वेगळा बट्टा. पॅरिसच्या कराराने ठरविले की तार पाठविणाऱ्याने सर्व पैसे आपल्याच गावी भरावे. ज्या देशातून तार निघते, ज्या देशांतून ती नुसती पुढे जाते आणि ज्या देशात ती पोहोचते, त्यांचे वाटे आधी ठरलेले असावेत. आणि त्या वाट्यांचा निकाल सरकारांनी आपसांत, ठराविक मुदतीने, एकाच मापात लावावा. गिऱ्हाईक एका दारात पैसे भरते आणि बाकीची दारे परस्परांत समजून घेतात, ही जी आजच्या रोमिंगची घडण, ती येथे प्रथम पूर्णरूपाने दिसते.

या संघात हिंदुस्थान १८६९ पासून आहे. ब्रिटनची तारयंत्रणा तेव्हा खाजगी कंपन्यांच्या हाती असल्यामुळे पॅरिसच्या परिषदेत ब्रिटनला स्थान नव्हते, आणि ते संघात आले हिंदुस्थानच्या मागाहून. म्हणजे फ्रँकच्या या हिशेबात मालकाच्या आधी त्याच्या अंमलाखालचा मुलूख दाखल झाला. लगेच १८७० साली सुएझ आणि एडनमार्गे समुद्राखालून आलेली तार मुंबईला लागली, आणि मुंबईच्या पेढ्यांचे परदेशी निरोप त्या मार्गाने जाऊ लागले.

पुढील कथा सर्वांना ठाऊक आहे: तारेनंतर टेलिफोन आला, मुंबईहून लंडनला थेट फोन लावण्याची सोय १९७६ मध्ये झाली, विदेश संचार निगम १९८६ मध्ये स्थापन झाले, आणि पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ नाक्यानाक्यावर उघडले. मला महत्त्वाची वाटते ती निराळी गोष्ट. खुद्द फ्रान्सने १९२८ साली आपल्या फ्रँकचे सोने जवळजवळ एक पंचमांशावर आणले, आणि १८०३ चा फ्रँक नाणे म्हणून नामशेष झाला. परंतु देशोदेशीच्या तारखात्यांनी त्याला आपल्या वह्यांतून काढून टाकले नाही. ज्या नाण्याचा कोणी राजा उरला नाही, ते कोणीही मनमानीने हलके करू शकत नाही. हिशेबाला यापेक्षा अधिक विश्वासू माप कोणते मिळणार होते?

आता प्रतिपक्षाचा विचार. तंत्रज्ञ म्हणतील की रोमिंगचा जन्म उत्तर युरोपात झाला: १९८१ साली सुरू झालेल्या नॉर्डिक देशांच्या समाईक यंत्रणेत एका देशाचा फोन शेजारच्या देशात चालत असे, १९८७ साली कोपनहेगनला तेरा देशांच्या पंधरा संस्थांनी जीएसएम या समाईक भ्रमणध्वनी पद्धतीच्या करारावर सह्या केल्या, आणि १९९२ मध्ये टेलिकॉम फिनलंड व ब्रिटनची व्होडाफोन यांच्यात या पद्धतीचा पहिला रोमिंग करार झाला. हे सर्व मला मान्य आहे, परंतु हा यंत्राचा वंश झाला, जमाखर्चाचा नव्हे. कोपनहेगनला सह्या करणाऱ्यांत बहुसंख्य होती ती सरकारी तार-टेलिफोन खाती. त्यांचे लेखापाल आयुष्यभर परदेशी देणेघेणे सोन्याच्या फ्रँकात आणि एसडीआरमध्ये मांडत आलेले होते. नव्या सेवेचा हिशेब मांडण्याची वेळ आली तेव्हा त्या हातांनी ओळखीचे माप सोडून दुसरे कशासाठी उचलले असते? आजही परक्या कंपनीकडून आपल्या कंपनीकडे आपल्या बोलण्याचा तपशील ज्या फायलींतून येतो, त्यांत रकमा बहुधा एसडीआरमध्येच असतात.

दुसरा प्रतिपक्ष आपल्या घरचा आहे, आणि त्याला उत्तर देताना मला थोडा खेदच होतो. कल्याण हे प्राचीन बंदर. पेरिप्लस या प्राचीन ग्रीक प्रवासग्रंथात त्याचा उल्लेख आहे आणि कान्हेरीच्या लेखांत कल्याणच्या दात्यांची नावे कोरलेली आहेत. अशा भूमीतल्या माणसाला असे वाटणे साहजिक आहे की परमुलखात आपली पत चालावी आणि देणेघेणे मागाहून पेढ्यांनी मिटवावे, ही कल्पना म्हणजे आपली हुंडीच. साम्य आहे यात संशय नाही. हुंडीवर जशी हुंडणावळ, तसा परदेशी मिनिटावर कंपनीचा वाढावा. तरीही साम्यावरून वंश सिद्ध होत नाही. हुंडीच्या व्यवहारात पैसा आधी भरला जाई, रोमिंगमध्ये सेवा आधी आणि वसुली नंतर. हुंडणावळ किती, हे हुंडी घेणाऱ्याला पेढीवरून उठण्यापूर्वी कळे. आणि सर्वांत मोठा भेद असा की हुंडीला सर्वमान्य माप नव्हते: चांदवडी, अंकुशी, मलकापुरी अशा रुपयांचे भाव वेगळे आणि बट्टा वेगळा. ज्या लक्षणावरून मी कूळ ओळखतो ते, म्हणजे कोणत्याही मुलखात न चालणारे आणि तरी सर्व मुलखांत मानले जाणारे माप, हुंडीत नाही. ते पॅरिसच्या करारातून आले.

आता वंशावरून प्रत्यक्ष व्यवहाराकडे वळू. कल्याण-डोंबिवलीच्या लोकांना रोमिंगची पहिली ओळख परदेशात झाली नाही, बोरघाटात आणि थळघाटात झाली. टेलिफोनच्या तारेने पाहिले तर ठाणे मुंबईचे, त्याचा क्रमांक ०२२. कल्याण-डोंबिवली निराळी, त्यांचा ०२५१. भ्रमणध्वनीचे परवाने देताना मात्र सरकारने कल्याणच्या टेलिफोन क्षेत्राचा समावेश मुंबईच्याच मंडळात केला. सबब डोंबिवलीकर दादरला गेला तरी घरचाच राहिला, आणि लोणावळ्याला किंवा इगतपुरीला गेला की परका झाला. देशातल्या देशात येणाऱ्या फोनचेही पैसे पडण्याचे ते दिवस अनेकांना आठवत असतील. हे मंडळ सिमच्या पोटात लिहिलेले असते. ज्याच्या सिमवर ४०४ २० हे अंक आहेत, तो सिंगापूरच्या यंत्राला आपण भारतातल्या मुंबई मंडळातील अमुक कंपनीचे गिऱ्हाईक असल्याचे सांगतो, आणि मग सिंगापूरचे यंत्र मुंबईला विचारते की या माणसाची हमी घेता काय.

याच घडणीतून एक विलक्षण परिणाम निघतो. दोन डोंबिवलीकर फ्रँकफुर्टच्या विमानतळावर एकमेकांपासून चुकले आणि एकाने दुसऱ्याचा भारतीय क्रमांक लावला, तर रूढ पद्धतीत तो फोन जर्मनीहून मुंबईला येतो आणि मुंबईहून परत जर्मनीला जातो. हाक मारणाऱ्याला परदेशातून भारतात बोलल्याचे मोल पडते, आणि उत्तर देणाऱ्याला परदेशात फोन घेतल्याचे. शंभर पावलांवरच्या माणसांचे बोलणे दोनदा समुद्र ओलांडते. प्रत्येक टप्प्याचा वाटा आहे, आणि वाट्यांचे गणित प्रवाशाच्या दृष्टीआड आहे. दर चढे राहण्याचे खरे कारण मला हेच दिसते. तारेच्या काळी दर काउंटरवर टांगलेला असे, शब्द मोजून पैसे घेतले जात. रोमिंगच्या प्रवाशाला घाऊक दर कधी दिसलाच नाही. युरोपीय संघाने २००७ साली कायद्याने घाऊक आणि किरकोळ दोन्ही दरांना मर्यादा घातल्या, तेव्हा कोठे तिकडचे दर उतरले, आणि १५ जून २०१७ पासून संघातल्या प्रवाशाला शेजारच्या देशातही घरचाच दर लागू झाला.

म्हणून निवड करणाऱ्याने जाहिरातीतल्या मिनिटांआधी हे पाहावे की आपले बोलणे किती कंपन्यांच्या वह्यांतून जाणार आहे. तिकडचे सिम किंवा ई-सिम घेतले तर परक्या कंपनीचे आपण थेट गिऱ्हाईक होतो आणि मधला जमाखर्चच गळून पडतो. दीर्घ मुक्कामाला, मुलीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेत राहणाऱ्या आईवडिलांना, हाच मार्ग स्वस्त. आपले भारतीय सिम दुसऱ्या खाचेत जिवंत ठेवावे, कारण बँकेचा ओटीपी त्यावरच येतो. फक्त त्याचे डेटा रोमिंग बंद असावे. आठवड्याच्या सहलीला आपल्या कंपनीचा पॅक सोयीचा, मात्र तो निघण्यापूर्वी घ्यावा आणि त्यात देशांची यादी वाचावी: स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, आणि फ्रान्समध्ये घेतलेले सिम आल्प्सच्या त्या बाजूला त्याच दरात चालेल असे गृहीत धरता येत नाही. विमानातली आणि जहाजावरची यंत्रणा तर बहुतेक पॅकांच्या बाहेर असते.

शेवटी वाचकांना एक विनंती. परदेशी तारांच्या पावत्या, १९७६ नंतरची लंडन-न्यूयॉर्कच्या फोनची बिले, पहिल्या रोमिंगचे तपशीलवार छापील हिशेब असे कागद ज्यांच्या कपाटांत असतील, त्यांनी ते रद्दीत घालू नयेत. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आणि कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून, म्हणजे पॅरिसच्या त्या कराराच्याही एक वर्ष आधीपासून, चालू आहे. असे कागद तेथे नेऊन दाखवावेत, आणि त्यांवर दर, मिनिटे व तारीख शाबूत असतील तर ते जतन करण्याची गळ घालावी.