पालवणकर बाळू : एका गोलंदाजाची कारकीर्द

परदेशात वाढणारी आपली नातवंडे सुटीत बेळ्ळंदूरला आली, की इमारतींच्या तळमजल्यावर, उभ्या मोटारींच्या रांगांमधून, टेनिसच्या चेंडूने क्रिकेट खेळतात. त्यांपैकी एकाने प्रस्तुत लेखकास विचारले, की अमेरिकेत बेसबॉलचा पिचर नुसता चेंडू टाकून मोठा होतो, तसा आपल्यात कोणी झाला काय? प्रश्न बालसुलभ खरा. परंतु उत्तर देताना धारवाडपर्यंत जावे लागले, आणि ते उत्तर दोन वाक्यांत संपेना. म्हणून हा लेखनप्रपंच.

पालवणकर बाळू यांचा जन्म १८७६ साली धारवाडास झाला. धारवाड त्या वेळी मुंबई इलाख्यात होते. घराणे मूळचे कोकणातील पालवणचे, जातीने चर्मकार. वडील लष्करात नोकरीस. पुढे कुटुंब पुण्यास आले. बाळू, शिवराम, विठ्ठल आणि गणपत हे चौघे भाऊ पुढे नामांकित क्रिकेटपटू झाले, ही गोष्ट कोणत्याही काळात विरळाच. त्या काळात तर अद्भुतच म्हटली पाहिजे.

बाळूंची पहिली नोकरी पुण्यातील पारशांच्या क्लबात, दरमहा तीन रुपयांवर. मैदान झाडावे, खेळपट्टीवर रूळ फिरवावा आणि सभासदांना हवे तेव्हा चेंडू टाकावेत, हे काम. १८९२च्या सुमारास ते गोऱ्या साहेबांच्या पूना क्लबात चार रुपयांवर लागले. तेथे ग्रेग नावाचा नामांकित फलंदाज सरावास येई. आपल्याला बाद केल्यास दर वेळी आठ आणे देईन, असे त्याने बाळूंना सांगितले होते, ही आख्यायिका प्रसिद्ध आहे. खरी असो वा नसो, तासन् तास चाललेल्या त्या सरावातच बाळूंची डावखुरी फिरकी घडली, यात संशय नाही. मात्र या साहेब मंडळींनी त्यांच्या हाती बॅट क्वचितच दिली. चेंडू टाकणे हे चाकराचे काम आणि फलंदाजी हा धन्याचा छंद, अशी ती वाटणी होती.

ही कीर्ती पुण्यातील हिंदू क्लबाच्या कानी गेली आणि पेच उभा राहिला. युरोपियनांना हरवायचे तर बाळू हवेत. बाळू घ्यावेत तर विटाळाचे काय? अखेर शिष्टसंमत तोडगा निघाला. मैदानावर सर्वांनी एकाच चेंडूला हात लावावा. चहाच्या वेळी मात्र बाळूंनी मंडपाबाहेर मातीच्या भांड्यातून चहा घ्यावा आणि जेवण निराळ्या पानावर करावे. ही व्यवस्था करणारे कोणी परके नव्हते, आपलेच सुशिक्षित पुणेकर होते, हे मराठी मंडळाच्या स्मरणिकेत तरी लपवू नये. न्यायमूर्ती रानड्यांसारख्या सुधारकांनी बाळूंचा जाहीर गौरव केला, हीही त्याच पुण्याची बाजू. तथापि गौरवाने भांडे बदलले नाही.

प्लेगच्या काळात बाळू मुंबईस आले. बी.बी.सी.आय. रेल्वेत नोकरी आणि हिंदू जिमखान्यात खेळ, असा क्रम सुरू झाला. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू आणि युरोपियन यांचा तो प्रसिद्ध सामना झाला. हिंदूंनी २४२ व १६०, तर युरोपियनांनी १९१ व १०२ धावा केल्या. हिंदूंचा विजय १०९ धावांनी! या सामन्यात शिवरामही खेळले होते. ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ने या विजयात जातिभेद ढिला पडल्याची खूण पाहिली. योगायोग असा, की ज्यास गोऱ्यांच्या मोठ्या स्पर्धांत केवळ वर्णामुळे मज्जाव होता, तो सॅचेल पेज हा अमेरिकेचा विख्यात पिचर याच १९०६ साली जन्मला. त्यास तेथे प्रवेश मिळाला तो १९४८ साली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी.

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ इंग्लंडला गेला. संघाची कामगिरी सुमारच; बाळूंची मात्र अपूर्व. पस्तिशीतल्या या गोलंदाजाने दौऱ्यात १८.८४च्या सरासरीने ११४ बळी घेतले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एकाच डावात आठ. परतल्यावर मुंबईत त्यांचा सत्कार झाला, त्यातील मानपत्राच्या सिद्धतेत भीमराव आंबेडकर या विशीतल्या तरुणाचा हात होता.

परंतु कर्णधारपद? ते मिळाले नाही ते नाहीच. एम. डी. पै यांनी स्वतः सत्कारसमारंभात सांगितले, की हा मान बाळूंचा होता. १९२० साली बाळूंना संघातून वगळले गेले आणि पै आजारी पडल्यावर नेतृत्व प्रा. दि. ब. देवधरांकडे गेले, तेव्हा शिवराम व विठ्ठल निषेध म्हणून संघाबाहेर राहिले. देवधरांची थोरवी कोण नाकारील? पण रांगेत आधी उभा असलेला माणूस कोण होता, हेही सांगितले पाहिजे. पुढे भाऊ परतले, बाळूंना उपकर्णधार नेमण्यात आले. १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले आणि स्पर्धा जिंकली गेली.

बाळूंच्या राजकारणाविषयी आपल्यात सोयीस्कर मौन असते. १९३२च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७ साली मुंबईत ते काँग्रेसतर्फे खुद्द आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले. आंबेडकरांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. ज्या समाजाने भांडे निराळे ठेवले, त्याच्याशीच जुळवून घेण्याची वाट त्यांनी धरली, आंबेडकरांनी निराळी. प्रस्तुत लेखकास बाळूंची वाट पटत नाही. परंतु बळी घेऊन दार उघडते, याचा थोडाबहुत अनुभव ज्याच्या गाठी होता, त्याने त्या दारावर भरवसा ठेवला, तर त्यास भोळा म्हणणेही जड जाते.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. भारताचा पहिला कसोटी सामना १९३२चा. तोवर त्यांचे खेळाचे वय सरले होते. प्रथम दर्जाचे अवघे ३३ सामने आणि १७९ बळी, एवढीच नोंद. विठ्ठलांनी १९४८ साली ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र मराठीत लिहिले; पण या भावांची कथा दूरवर गेली ती आपल्या बंगलोरनिवासी रामचंद्र गुहांच्या २००२च्या इंग्रजी ग्रंथामुळे. नातवाने तो ग्रंथ मागून नेला आहे. त्याचा पहिला प्रश्न असा आला, की चहाचे ते मातीचे भांडे नंतर कोण धूत असे? ते धुवायचे नसते, फेकून देतात, एवढेच मी सांगितले.