वाढत्या अंगाचे कपडे आणि मे महिन्याचे आजोळ

मुलांचे कपडे घरी शिवण्याची रीत आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना घेऊन आजोळी जाण्याची रीत यांचा विचार सहसा वेगवेगळा केला जातो. परंतु महाराष्ट्रातील, विशेषतः पांढरपेशा वर्गातील, कौटुंबिक जीवनाचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर या दोन्ही रीतींचे मूळ एकाच घरात, म्हणजे आईच्या माहेरी, सापडते. पहिले बाळंतपण माहेरी करण्याचा प्रघात असल्यामुळे मुलाच्या अंगावरचे पहिले कापड आजीच्या किंवा मावशीच्या हातचे असे, आणि पुढे शाळेला सुट्टी लागली की तेच मूल वर्षाकाठी पुन्हा त्याच घरी येत असे.

नवजात मुलासाठी शिवायचे ते झबले, म्हणजे पाठीमागे उघडे आणि बटणांऐवजी बंदांनी बांधायचे सैल अंगडे. त्याच्या जोडीला टोपडे, लंगोट आणि दुपटे. झबल्याला नवे कापड घेत नसत, कारण कोरे कापड खळीमुळे खरखरीत असते. वर्षानुवर्षे धुवून मऊ पडलेल्या लुगड्याचा किंवा धोतराचा धडका भाग त्यासाठी राखून ठेवला जाई. जाणती बाई झबल्याची शिवण बाहेरच्या बाजूला घेई, म्हणजे दोऱ्याची कड बाळाच्या कातडीला घासू नये. हातशिलाईच्या त्या काळात एवढ्याशा कपड्यामागे किती विचार असे, हे यावरून कळते. बारशाला मात्र कुंची हवी. डोक्यावरून घेऊन पाठीवर सोडलेले हे लांब टोपडे खणाचे किंवा रेशमी कापडाचे शिवत, त्याला जरीचा काठ लावत आणि कान झाकले जातील असे ते हनुवटीखाली बंदाने बांधत. पहिल्या संक्रांतीला होणाऱ्या बोरन्हाणासाठी, म्हणजे मुलाला हलव्याचे दागिने घालून त्याच्या डोक्यावरून बोरे, चुरमुरे, हलवा ओतण्याच्या सोहळ्यासाठी, काळ्या कापडाचे झबले वेगळे शिवले जाई, आणि एरवी लहान मुलाला वर्ज्य मानलेला काळा रंग त्या एका दिवशी मानाचा ठरे. जुन्या लुगड्याचे झबले आणि जीर्ण झबल्यांचे गोधडीतले थर, असा कापडाचा प्रवास असल्यामुळे त्या काळची साधी झबली आज क्वचितच पाहायला मिळतात.

मोठ्या मुलांचे कपडे बहुधा शिंप्याकडे जात. संत नामदेवांमुळे महाराष्ट्रात आदर पावलेला हा व्यवसाय शतकानुशतके सुई-दोऱ्यावर चालला. आयझॅक सिंगर याने १८५१ मध्ये आपल्या शिवणयंत्राचे पेटंट घेतले, आणि १८७० च्या दशकात त्याच्या कंपनीची यंत्रे नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी व्यापाऱ्यामार्फत हिंदुस्थानात विकली जाऊ लागली. हप्त्याने पैसे फेडण्याच्या सोयीमुळे ती आधी शिंप्याच्या दुकानात आणि मग हळूहळू घरात शिरली. घरातल्या स्त्रीच्या हाती यंत्र येण्यामागे केवळ सोय नव्हती. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या सेवासदनासारख्या संस्थांनी शिवणकाम हे विधवांच्या आणि गरजू स्त्रियांच्या स्वावलंबनाचे साधन म्हणून शिकवले, आणि स्त्रियांच्या कमाईचा एक प्रतिष्ठित मार्ग त्यातून उघडला, ही या इतिहासातील सर्वांत मोलाची घटना मानावी लागेल. पुढे १९३० च्या दशकात कोलकात्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने ‘उषा’ यंत्र बाजारात आणल्यावर देशी बनावटीचे मशीन मध्यमवर्गाच्या आटोक्यात आले.

आजोळची सुट्टी घडवली ती शाळेने आणि आगगाडीने. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावली, १८६३ मध्ये बोरघाटातून आणि १८६५ मध्ये थळघाटातून लोहमार्ग वर चढला, आणि मुंबईत नोकरीस आलेल्या कुटुंबांना पुणे, नाशिक, खानदेशातील नातलग जवळ आले. कोकणात आगगाडी नव्हती. तिथे आजोळ असलेली मुले आईबरोबर आगबोटीने जात, बंदराजवळ होडीत उतरून किनारा गाठत, आणि पावसाळ्यात ही वाहतूक बंद राहत असल्याने समुद्र खवळण्यापूर्वी परतणे भाग असे. गिरणी कामगारांच्या घरांत चित्र निराळे होते, कारण पुष्कळांची बायकामुले गावीच राहत आणि मे महिन्यात गावी परतत असे तो बापच.

प्रवासाच्या तयारीत ट्रंक, वळकटी, फिरकीचा तांब्या आणि दुधात पीठ भिजवून केलेल्या, लवकर न विटणाऱ्या दशम्या यांच्याइतकेच महत्त्व शिवणाला होते. एकाच ताग्यातून सगळ्या भावंडांचे कपडे बेतले की कापड कमी वाया जाई, आणि फलाटावरच्या गर्दीत आपली मुले चटकन ओळखू येत. हे कपडे वाढत्या अंगाचे, म्हणजे मापापेक्षा मोठे, शिवले जात: सदऱ्याच्या आत दाब राखलेला असे आणि परकराच्या घेराला आडव्या घड्या शिवून ठेवलेल्या असत, ज्या मुलगी उंच झाली की एकेक करून उसवायच्या. हे उसवणे अनेकदा आजोळीच होई, कारण आईला एरवी न मिळणारी फुरसत तिथे मिळे आणि आतेमामेभावंडे एकत्र जमल्यामुळे कोणाचा आखूड झालेला कपडा कोणाला बसेल हे तिथेच ठरे. दुसऱ्या महायुद्धात कापडाची टंचाई होऊन १९४३ मध्ये त्यावर सरकारी नियंत्रण आले, तेव्हा ही काटकसर आवश्यकच ठरली.

स्वातंत्र्यानंतर सुट्टीचा नकाशा रुंदावला. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावलेल्या एसटीने पुढे आडगावचे आजोळही मोटारीच्या वाटेवर आणले, आणि १९५६ मध्ये केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना रजा प्रवास सवलत मिळाली, म्हणजे रजेतील सहकुटुंब प्रवासाच्या भाड्याचा भार काही अटींवर सरकारने उचलला. ही सवलत प्रथम मूळ गावी जाण्यासाठी होती. पुढे ती देशात इतरत्र जाण्यासही लागू झाल्यावर आईवडील आणि मुले एवढ्यांचीच सहल रूढ होत गेली. अशा सहलीला लागणारे कपडे तयार मिळू लागले आणि ते नेमक्या मापाचे असल्यामुळे त्यांत दाब सोडण्याचे कारण उरले नाही. दुसऱ्याच्या घरी महिनाभर राहणे संपले, तशी मुलांच्या कपड्यांची देवघेव ज्या बैठकीत ठरे ती बैठकही मोडली. घरगुती मशीन त्यानंतरही चालू राहिले, पण बहुतेक ठिकाणी ते पडद्यांना, उशांच्या अभ्र्यांना आणि फॉल-पिकोला लागले. मुलांसाठी त्यावर शिवले जाते ते मुख्यतः बाळंतविड्यातले झबले-टोपडे आणि बोरन्हाणाचा काळा कपडा.