धर्मादाय अनुदानासाठी अर्ज (वसमत, जि. हिंगोली)

नोंदणीकृत सेवाभावी संस्थेने ठरावीक कामासाठी खासगी न्यासाकडे, प्रतिष्ठानाकडे किंवा कंपनीच्या सामाजिक निधीकडे केलेली पैशाची लेखी मागणी. शासकीय अनुदानाला निकष असतात आणि निकषात बसणाऱ्याला हक्क सांगता येतो. न्यासाकडे हक्क चालत नाही. विश्वस्तांना पटले तर पैसे मिळतात.

अर्ज मागवून दरवर्षी पैसे वाटणाऱ्या प्रतिष्ठानांची परंपरा प्रामुख्याने मुंबईची. सर रतन टाटा ट्रस्ट १९१९ चा, सर दोराबजी टाटा ट्रस्ट १९३२ चा. वसमत ज्या भागात येते तो मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत तिथेच राहिला. गिरण्या आणि जहाजांच्या धंद्यातून उभे राहिलेले हे दान या भागात फारसे रुजले नाही. त्यामुळे वसमतच्या संस्थेचा अर्ज बहुधा मुंबई-पुण्याकडे जातो, आणि तो वाचणाऱ्याने वसमत पाहिलेले असेलच असे नाही.

गावातला पैसा वेगळ्या वाटांनी येतो. वसमत हे हळदीच्या व्यापाराचे गाव. वसमत हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पूर्णा सहकारी साखर कारखानाही याच तालुक्यात आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ६९ नुसार सहकारी संस्थेला राखीव निधी व शिक्षण निधीची तरतूद केल्यावर निव्वळ नफ्याच्या २० टक्क्यांपर्यंत रक्कम धर्मादाय वा सार्वजनिक कामासाठी बाजूला काढता येते. अर्थात नफा असेल तरच. अडत बाजारात व्यवहारामागे ‘धर्मादाय’ म्हणून थोडी रक्कम कापण्याची जुनी चाल होती. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ५४ प्रमाणे अशी रक्कम गोळा करणारा व्यापारी तिचा विश्वस्त ठरतो आणि वर्ष संपल्यापासून तीन महिन्यांत त्याने धर्मादाय कार्यालयाला हिशेब द्यायचा असतो. हे कलम ठाऊक असलेले कार्यकर्ते थोडे, आणि ते ऐकवल्याने व्यापाऱ्याचा हात सैल होतो असेही नाही. स्थानिक देणगी बहुतेक तोंडी मागितली जाते आणि पावतीवर मिळते. तरीही तिला कमी लेखू नये. बाहेरचा न्यास ‘तुमच्या गावाने किती दिले?’ हा प्रश्न हमखास विचारतो, आणि त्याला पावती-पुस्तकाइतके चांगले उत्तर नाही.

महाराष्ट्रात बहुतेक संस्थांची नोंदणी दुहेरी असते: संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली किमान सात सभासदांची संस्था, आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली न्यास. दुसऱ्या नोंदणीचा क्रमांक ‘एफ’ने सुरू होतो. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. त्याआधीच्या संस्थांच्या क्रमांकापुढे परभणीच असते. पत्ता हिंगोली जिल्ह्याचा आणि क्रमांक परभणीचा पाहून मुंबईचा अधिकारी थबकू शकतो, म्हणून अर्जातच एका ओळीत खुलासा करावा.

अर्ज खरा अडतो तो पुढे, चेंज रिपोर्टवर. विश्वस्त वारला, राजीनामा दिला, नवी कार्यकारिणी निवडली, पत्ता बदलला, की याच १९५० च्या अधिनियमाच्या कलम २२ नुसार ९० दिवसांत हा बदल धर्मादाय कार्यालयाला कळवायचा असतो. तो मंजूर होऊन शेड्यूल-१च्या, म्हणजे न्यासाच्या नोंदवहीच्या, उताऱ्यावर चढेपर्यंत कागदोपत्री जुनेच विश्वस्त राहतात. एखाद्या संस्थेत अध्यक्ष वारून सहा वर्षे झालेली असतात, सचिव मुलाकडे पुण्याला गेलेला असतो. मधल्या दोन निवडणुकांचे ठराव इतिवृत्तात आहेत, पण उताऱ्यावर तीच सात नावे. अनुदान देणारा उतारा मागतो आणि अर्जावरची सही त्यातल्या नावाशी ताडून पाहतो. मग सुरू होते विलंब माफीचा अर्ज, दोन्ही निवडणुकांच्या सभांच्या नोटिसा, हजेरीच्या सह्या, वारसांकडून मृत्यूचा दाखला, वकिलाची फी आणि तारखा. बदलांना तात्पुरती मान्यता देण्याची सोय २०१७ च्या दुरुस्तीने झाली. मात्र जुनी थकलेली प्रकरणे क्रमानेच सोडवावी लागतात. पहिला बदल मंजूर नसेल तर दुसऱ्याला पाया उरत नाही. ‘आम्हाला इंग्रजी येत नाही म्हणून अनुदान मिळत नाही’ हे गाऱ्हाणे नेहमी ऐकू येते. ते सगळे खोटे नाही, पण इंग्रजी लिहून देणारा माणूस नांदेडला एका दिवसात मिळतो. सहा वर्षे अडलेला उतारा तसा मिळत नाही.

हिशेबाचेही तसेच. ३१ मार्चला वर्ष संपल्यावर सहा महिन्यांत लेखापरीक्षण व्हावे लागते. ताळेबंद परिशिष्ट आठमध्ये, उत्पन्न-खर्च पत्रक परिशिष्ट नऊमध्ये. अर्जाला तीन वर्षांचे जोडायचे असतात. तिन्ही वर्षांच्या अहवालांवर एकाच दिवसाची तारीख असली की वाचणारा काय ते समजतो.

प्राप्तिकराच्या १२-एबी नोंदणीची मागणी संशयापोटी होत नाही. देणाऱ्या न्यासाला सूट टिकवण्यासाठी स्वतःच्या उत्पन्नाचा ८५ टक्के भाग धर्मादाय कामावर लावलेला दाखवावा लागतो, आणि घेणाऱ्या संस्थेकडे नोंदणी नसेल तर दिलेली रक्कम त्यात धरली जात नाही. २०२३ पासून तर दुसऱ्या न्यासाला दिलेल्या रकमेपैकी ८५ टक्केच धरली जाते, म्हणजे वाटण्यापेक्षा स्वतः राबवणे न्यासाला सोयीचे झाले. (१२-एबी हा क्रमांक १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातला आहे; १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा लागू असून त्यात क्रमांक बदलले आहेत.) वैयक्तिक देणगीदाराला करवजावट मिळावी म्हणून ८०-जी नोंदणी लागते. कंपन्यांचा सामाजिक (सीएसआर) निधी कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ खालचा: सरासरी नफ्याच्या दोन टक्के. त्यासाठी संस्थेचा सीएसआर-१ क्रमांक आणि किमान तीन वर्षांच्या कामाचा पुरावा लागतो. कायदा कंपनीच्या परिसराला प्राधान्य द्यायला सांगतो. मोठे कारखाने जिथे नाहीत तिथे या कलमाचा उपयोग तेवढाच.

परदेशी मदतीचा दरवाजा आता अरुंद आहे. अमेरिकेतल्या मराठी मंडळींचे महाराष्ट्र फाउंडेशन १९७८ पासून काम करते, पण परदेशी संस्थेकडून पैसे घ्यायचे तर विदेशी योगदान कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी. सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीने एका संस्थेने परदेशी पैसा दुसरीला देणेही बंद झाले. मोठी संस्था निधी आणी आणि लहान संस्थांना वाटून देई, ती वाट मिटली. वसमतसारख्या गावांना याचा फटका जास्त बसला. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी माणसाची बँकेतून आलेली वैयक्तिक देणगी मात्र विदेशी योगदानात मोडत नाही.

अर्जाचा मजकूर लहान असावा: गाव, अडचण, काम, माणसे, खर्च. वसमतच्या अर्जात सर्वांत महत्त्वाचा भाग कामाच्या महिन्यांचा. ऊसतोडीला जाणारी कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे गाव सोडतात. मागे राहणाऱ्या मुलांच्या निवासाची सोय करायची तर पैसे सप्टेंबरात हातात हवेत. विश्वस्तांची बैठक डिसेंबरात आणि पहिला हप्ता फेब्रुवारीत आला, तर मुले कधीच फडावर पोचलेली असतात. हे वेळापत्रक अर्जात स्पष्ट मांडावे आणि अर्ज आदल्या हंगामातच पाठवावा. अंदाजपत्रकात स्वयंपाकीण बाईंचे मानधन, गॅस, धान्य, रात्रीचा काळजीवाहक हे वेगवेगळे दाखवावे; ‘इतर खर्च’ या ओळीत मोठा आकडा दिसला की पहिली कात्री तिथेच लागते. लेखापरीक्षकाची फी आणि हिंगोलीच्या धर्मादाय कार्यालयाच्या फेऱ्यांचे भाडेही मागावे. संकोचाने ते लिहिले जात नाही आणि मग ते कार्यकर्त्याच्या खिशातून जाते.

मंजुरीनंतर करारपत्र होते, हप्ते येतात, स्थळभेट होते, आणि शेवटी सनदी लेखापालाच्या सहीचे विनियोग प्रमाणपत्र द्यावे लागते. उरलेली रक्कम परवानगीशिवाय दुसऱ्या कामाला वळवता येत नाही.

नाकारल्याचे कारण सांगण्याचे बंधन खासगी न्यासावर नाही; सरकारी पैशावर न चालणाऱ्या न्यासाला माहितीचा अधिकार कायदाही लागू होत नाही. मात्र न्यास महाराष्ट्रात नोंदलेला असेल तर त्याचे उतारे आणि हिशेब धर्मादाय कार्यालयात असतात, आणि अर्ज व फी भरून ते पाहता येतात. तो न्यास कोणत्या कामांवर पैसे खर्च करतो याचा अंदाज त्यातून येतो. अर्ज लिहायला बसण्याआधी ते पाहावेत.