बेलोऱ्याचं विमान आणि अकोल्याची गाडी

माझं संशोधन जाळ्यांच्या गणितावर आहे. गावं म्हणजे बिंदू, वाटा म्हणजे रेषा, आणि रेषेवर किलोमीटरऐवजी लागणारे तास लिहायचे. घरी हे सांगितलं तर उत्तर येतं, "याच्यासाठी पीएचडी कायले पाह्यजे बाप्पा?" आज तेच गणित वऱ्हाडावर लावून बघू. सुट्टी आठ दिवसांची, पाठीवर सॅक, खिशात फेलोशिपचे उरलेले पैसे. स्वस्त विमानाने खरंच जास्त बघून होतं का?

आधी थोडं मागे जाऊ. १८६० च्या दशकात जीआयपी रेल्वे मुंबईहून नागपूरकडे आली ती मुख्यतः कापसासाठी. मुख्य मार्ग अकोला आणि बडनेऱ्यावरून गेला, अमरावतीच्या वाट्याला बडनेऱ्याचा फाटा आला. विमानाने हे उलटं केलं. अकोल्याजवळची शिवणीची धावपट्टी १९४३ ची, पण आखूड. अमरावतीची बेलोऱ्याची १८५० मीटरपर्यंत वाढवली आणि १६ एप्रिल २०२५ ला तिथून मुंबईची प्रवासी सेवा सुरू झाली. विमान एटीआर ७२, पंख्यांचं.

एटीआरशी आपल्याकडच्या स्वस्त तिकिटाचं जुनं नातं आहे. १९५३ मध्ये विमानसेवेचं राष्ट्रीयीकरण झालं आणि तो कायदा १९९४ मध्ये रद्द झाला. तरी सामान्य माणूस विमानात बसला नव्हताच. ऑगस्ट २००३ मध्ये कॅप्टन गोपीनाथ यांच्या एअर डेक्कनने हुबळी-बंगळूर मार्गावर छोटं एटीआर उडवलं. फुकट जेवण नाही, तिकीट इंटरनेटवर, लवकर घेणाऱ्याला स्वस्त. पुढे तर एक रुपयाची तिकिटंही निघाली. हिशोब साधा होता: उडालेल्या विमानातली रिकामी सीट परत विकता येत नाही. २०१७ पासून 'उडान' योजनेत छोट्या गावांसाठी काही सीटचं भाडं बांधून दिलं, साधारण तासाभराच्या प्रवासाला २५०० रुपये, आणि तूट सरकार भरू लागलं.

आता रेषेवर तास लिहा. बेलोरा-मुंबई हवेत पावणेदोन तास. त्यात विमानतळ गाठणं, तपासणी, मुंबईच्या ट्रॅफिकमधून बाहेर पडणं धरलं की अर्धा दिवस गेलाच. अमरावती एक्सप्रेसला रात्रभर लागते, पण ती रात्र तुम्ही झोपता, वर मुक्कामाचे पैसे वाचतात. माझ्या वहीत मी झोपेचे तास शून्य धरतो. (गाईडना हे पटत नाही.) त्यामुळे फक्त मुंबईला जायचं असेल तर गाडीच बरी.

गुवाहाटीचं बघा. अकोल्याहून हावडा जवळपास एक दिवस, पुढे आणखी बराचसा दिवस. जाऊन-येऊन निम्मी सुट्टी डब्यातच. इथे झोपेची सूट कामाची नाही, कारण दिवसही बसून काढावे लागतात. नागपूरपर्यंत बसने जाऊन तिथून कोलकातामार्गे विमान घेतलं तर त्याच दिवशी पोचता येतं. येताना मात्र त्याच वाटेने यायची गरज नाही. जाताना विमानाने लांबचं टोक गाठा आणि येताना गाडीने, मधे एखादं शहर उतरून बघत. हावड्याहून मुंबईकडची गाडी थेट अकोल्याला सोडते, हा जुन्या कापूसमार्गाचा फायदा अजून शिल्लक आहे.

अकोलेकरांनी बेलोऱ्याच्या तिकिटात शंभरेक किलोमीटरचा रस्ता जोडून मगच तुलना करावी. आणि सॅक घरीच काट्यावर ठेवा. केबिनची मर्यादा बहुतेकदा ७ किलो असते, वरच्या वजनाचे पैसे भरले की स्वस्त तिकीट स्वस्त राहत नाही.