विश्लेषण : डॅशबोर्डवर ‘घसरत्या गाडी’चा दिवा का लागतो? ट्रॅक्शन कंट्रोल स्वतःचा बिघाड कसा ओळखते?

पावसात घाट चढताना डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लुकलुकतो आणि लगेच विझतो. गाडीच्या चित्राखाली नागमोडी रेघा असलेला हा दिवा पाहून अनेकांना बिघाड झाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात तो लुकलुकतो तेव्हा ट्रॅक्शन कंट्रोल यंत्रणा काम करत असते. तो सलग पेटून राहतो तेव्हा मात्र ती यंत्रणा बंद असते. हा फरक माहीत नसल्याने कुणी विनाकारण घाबरते, कुणी खऱ्या बिघाडाकडे महिनोन्महिने दुर्लक्ष करते, तर कुणी चाकाजवळच्या एका तुटक्या वायरपायी महागडे मॉड्यूल बदलून बसते.

चाक जागच्या जागी का फिरते?

टायर आणि रस्ता यांच्यातील पकडीला मर्यादा असते. कोरड्या डांबरावर ही पकड भरपूर मिळते, ओल्या डांबरावर ती कमी होते आणि चिखल, शेवाळ किंवा सांडलेले ऑइल आले की फारच थोडी उरते. इंजिनकडून मिळणारा जोर या मर्यादेपलीकडे गेला, की टायर गाडीला पुढे ढकलायचे सोडून जागीच गरागरा फिरू लागतो.

चाकाचा वेग आणि गाडीचा वेग यांत थोडा फरक असावाच लागतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर हा फरक साधारण १० ते २० टक्के असताना पकड सर्वाधिक असते. उदाहरणार्थ, गाडी ताशी २५ किलोमीटर वेगाने जात असेल आणि चाक ताशी ३० किलोमीटरच्या गतीने फिरत असेल, तर घसरण सुमारे १७ टक्के झाली. याच्या बऱ्याच पुढे गेल्यावर पुढे ढकलणारी पकड कमी होते आणि गाडीला वळणावर धरून ठेवणारी आडवी पकड तर झपाट्याने जाते. मग पुढच्या चाकांवर चालणारी गाडी स्टिअरिंग वळवूनही सरळ जाऊ लागते आणि मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जातो.

यात डिफरन्शियलची भर पडते. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावे लागते, म्हणून दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा हा गिअरचा संच असतो. मात्र साध्या डिफरन्शियलमधून दोन्ही चाकांना जवळपास सारखाच जोर मिळतो. एक चाक चिखलात असेल तर ते फिरवायला फार जोर लागत नाही आणि तेवढाच अपुरा जोर कोरड्या जागेवरील दुसऱ्या चाकाला मिळतो. परिणामी एक चाक भिरभिरत राहते आणि गाडी जागची हलत नाही.

यंत्रणेला घसरण कळते कशी?

प्रत्येक चाकाच्या हबजवळ वेग मोजणारा सेन्सर असतो. जुन्या पद्धतीत चाकाबरोबर फिरणारी दातेरी लोखंडी रिंग असते आणि तिच्यासमोर चुंबक व तारेचे वेटोळे असलेला सेन्सर बसवलेला असतो. दाता समोरून गेला की वेटोळ्यात विद्युतदाब तयार होतो. या सेन्सरला बाहेरून वीज लागत नाही, पण गाडी अगदी हळू चालत असली की त्याचा सिग्नल वाचता येणार नाही इतका क्षीण होतो. नव्या गाड्यांत बहुधा बेअरिंगच्या सीलमध्येच उत्तर आणि दक्षिण ध्रुव आलटूनपालटून असलेली चुंबकीय पट्टी असते. तिच्यासमोरच्या सेन्सरला वीजपुरवठा लागतो, मात्र चाक जवळपास थांबेपर्यंत तो वेग सांगू शकतो.

दोन्ही पद्धतींत मॉड्यूलपर्यंत पोहोचते ती ठोक्यांची मालिका. टायरचा घेर १.९ मीटर आणि रिंगला ४८ दाते धरले, तर ताशी ६० किलोमीटर वेगाला चाक सेकंदाला सुमारे पावणेनऊ फेरे घेते आणि मॉड्यूलला सेकंदाला सुमारे ४२० ठोके मिळतात. मॉड्यूल चारही चाकांच्या ठोक्यांची सतत तुलना करते. इंजिनने चालवलेले एखादे चाक इतरांपेक्षा अचानक फार वेगाने फिरू लागले, तर ते घसरत आहे असे मानले जाते. वळणावर बाहेरचे चाक थोडे जास्त वेगाने फिरणे स्वाभाविक असते, त्यामुळे तेवढा फरक हिशेबातून वगळला जातो.

घसरण थांबवण्यासाठी काय केले जाते?

यंत्रणेकडे दोन उपाय असतात. पहिला ब्रेकचा. एकच चाक भिरभिरत असेल तर फक्त त्याच चाकाला ब्रेक लावला जातो. आता ते फिरवायला जास्त जोर लागतो, म्हणून डिफरन्शियलमधून तेवढाच जास्त जोर पकड असलेल्या चाकालाही मिळतो आणि गाडी पुढे सरकते. या वेळी चालकाचा पाय ब्रेकवर नसतो. हायड्रॉलिक युनिटमधील पंप आणि व्हॉल्व्ह स्वतःच दाब तयार करतात. अशा वेळी बॉनेटखालून घरघर ऐकू येते.

दुसरा उपाय इंजिनचा जोर कमी करण्याचा. दोन्ही चाके घसरत असतील किंवा वेग जास्त असेल, तर ब्रेकचे मॉड्यूल इंजिनच्या मॉड्यूलला संदेश पाठवते. मग थ्रॉटल थोडा मिटतो, स्पार्क उशिरा दिला जातो किंवा इंधन क्षणभर तोडले जाते. ॲक्सिलरेटर दाबूनही गाडी उचल घेत नाही असे वाटते, ते यामुळेच.

एबीएसशी याचे नाते काय?

ट्रॅक्शन कंट्रोल हे एबीएसचे धाकटे भावंड म्हणता येईल. १९७८ मध्ये बॉशची इलेक्ट्रॉनिक एबीएस यंत्रणा मर्सिडीजच्या एस क्लास गाडीत आली. ब्रेक लावताना चाक लॉक होऊ न देणे, हे तिचे काम. चाकांचा वेग मोजणारे सेन्सर आणि दाब कमी-जास्त करणारे व्हॉल्व्ह तिच्यात होतेच. मग हीच सामग्री वापरून चाकाला जास्त फिरण्यापासूनही रोखता येईल, या विचारातून बॉशने १९८६ मध्ये ट्रॅक्शन कंट्रोल बाजारात आणले. १९९५ मध्ये त्यात गाडीचे वळणे मोजणाऱ्या सेन्सरची भर पडली आणि आज ईएसपी किंवा ईएससी नावाने ओळखली जाणारी स्थिरता यंत्रणा आली.

भारतात एप्रिल २०१९ पासून नव्या प्रवासी मोटारींना एबीएस बंधनकारक आहे. मात्र एबीएस असलेल्या प्रत्येक गाडीत ट्रॅक्शन कंट्रोल असतेच असे नाही, कारण पाय नसताना ब्रेकचा दाब तयार करण्यासाठी वेगळे व्हॉल्व्ह लागतात. शिवाय ही यंत्रणा नवी पकड निर्माण करत नाही, असलेली पकड वाया जाऊ देत नाही एवढेच. टायर गुळगुळीत झाले असतील तर तिच्या हाती फारसे काही राहत नाही.

स्वतःचा बिघाड ती कसा ओळखते?

ही तपासणी तीन टप्प्यांत होते. चावी फिरवली की दिवा काही सेकंद लागतो. या वेळात मॉड्यूल स्वतःची मेमरी, सेन्सरच्या वायरी आणि व्हॉल्व्हची वेटोळी विजेच्या दृष्टीने जोडलेली आहेत का, हे पाहते. सगळे ठीक असेल तर दिवा विझतो.

दुसरा टप्पा गाडी चालू लागल्यावरचा. थोडा वेग आला की बऱ्याच गाड्यांत पंप क्षणभर फिरवून पाहिला जातो. त्याचा ‘टक्’ असा आवाज काहींना ऐकूही येतो.

तिसरा टप्पा प्रवासभर चालतो. येथे मॉड्यूल वायर जोडलेली आहे की नाही एवढेच न पाहता मिळालेली माहिती पटण्यासारखी आहे का, हे तपासते. तीन चाके ताशी ४० किलोमीटर दाखवत असतील आणि चौथे शून्य, तर चाक थांबल्यापेक्षा सेन्सर गप्प झाल्याचीच शक्यता जास्त. बिघाडाची खात्री पटली की मॉड्यूल ट्रॅक्शन कंट्रोल बंद करते, दिवा पेटवते आणि मेमरीत कोड नोंदवते. चुकीच्या माहितीवर भलत्याच चाकाला ब्रेक लावण्यापेक्षा काहीच न करणे सुरक्षित, हा त्यामागचा विचार.

कोड म्हणजे निदान नव्हे

हे कोड पाच अक्षर-अंकांचे असतात. इंजिन व गिअरबॉक्सचे कोड ‘पी’ने, ब्रेक आणि चेसिसचे ‘सी’ने, बॉडीचे ‘बी’ने, तर मॉड्यूलमधील संपर्काचे ‘यू’ने सुरू होतात. उदाहरणार्थ, ‘यू०१२१’ म्हणजे एबीएस मॉड्यूलशी संपर्क तुटला. स्वस्तातले अनेक स्कॅनर फक्त इंजिनचे कोड वाचतात. त्यामुळे ‘स्कॅनर लावला, काही सापडले नाही’ हे उत्तर पुरेसे नसते.

‘पुढच्या डाव्या चाकाचा सेन्सर’ असा कोड आला, तरी दोष सेन्सरचाच असेल असे नाही. चाक वरखाली होताना आणि वळताना सेन्सरची वायर प्रत्येक वेळी वाकते, त्यामुळे ती आतून तुटू शकते. कनेक्टरमध्ये पाणी शिरून पिना हिरव्या पडलेल्या असतात. दातेरी रिंगला तडा गेलेला असतो. सेन्सरच्या तोंडाशी लोखंडाचा चुरा चिकटलेला असतो किंवा खाली गंज फुगून सेन्सर आपल्या जागेवरून उचललेला असतो. चुंबकीय पट्टीचे बेअरिंग बदलताना उलटे बसले, तर पट्टी सेन्सरच्या विरुद्ध बाजूला जाते आणि नवे बेअरिंग टाकल्यावरच दिवा लागतो.

म्हणून नीट तपासणी क्रमाने होते. आधी कोड वाचले जातात, मग डोळ्यांनी वायर आणि कनेक्टर पाहिले जातात. त्यानंतर स्कॅनरवर चारही चाकांचे चालू वेग एकत्र पाहत गाडी हळू चालवली जाते. एखाद्या चाकाचा आकडा शून्यावरच राहिला तर वायर, सेन्सर किंवा उलटे बेअरिंग यांचा संशय येतो. आकडा ठरावीक अंतराने गचके खात असेल तर रिंगचा तडा शोधावा लागतो. मॉड्यूल बदलण्याचा विचार या सगळ्यानंतर येतो.

बिघाड नसतानाही दिवा लागू शकतो का?

होय. सर्वात साधे कारण म्हणजे ‘ऑफ’चे बटण चुकून दाबले जाणे. एकाच गाडीला वेगवेगळ्या मापाचे टायर असतील किंवा लहान आकाराचे स्पेअर चाक लावले असेल, तर चाकांच्या वेगांत कायमचा फरक पडतो. बॅटरी काढून लावल्यावर काही गाड्यांत स्टिअरिंगच्या कोनाची नोंद पुसली जाते. मग स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवल्यावर किंवा थोडे अंतर चालल्यावर दिवा विझतो. लांब चिखलात सतत वापर झाल्यास ब्रेक तापू नयेत म्हणूनही यंत्रणा काही वेळ थांबते.

इंजिनचा दिवा आणि हा दिवा एकदमच लागले, तर दोष बहुधा इंजिनकडे असतो. इंजिन नेमका किती जोर देत आहे याची खात्री नसल्याने ट्रॅक्शन कंट्रोलही बाजूला होते. अशा वेळी चाकांचे सेन्सर बदलून उपयोग नसतो.

गाडी चिखलात किंवा किनाऱ्यावरच्या वाळूत रुतली, तर मात्र यंत्रणा मुद्दाम बंद करावी लागते. तेथे चाकाला थोडे फिरू देणे गरजेचे असते आणि यंत्रणा नेमका तोच जोर तोडते. बाहेर पडताच ती पुन्हा सुरू करावी.

दिवा पेटलेला असताना गाडी चालवावी का?

फक्त ट्रॅक्शन कंट्रोलचा दिवा पेटला असेल तर नेहमीचे ब्रेक काम करतात. ओल्या रस्त्यावर ॲक्सिलरेटर हळुवार दाबत गॅरेज गाठता येते. सोबत एबीएसचा दिवाही असेल, तर जोरात ब्रेक लावल्यावर चाके लॉक होऊ शकतात, म्हणून पुढच्या वाहनापासून अंतर वाढवावे. आणि या दोघांसोबत ब्रेकचा लाल दिवा लागला, तर गाडी सुरक्षित जागी थांबवावी. ब्रेक ऑइल कमी झालेले असू शकते किंवा पुढच्या-मागच्या चाकांमधील ब्रेकची विभागणी बिघडलेली असू शकते. मागची चाके आधी लॉक झाली तर गाडी गिरकी घेते.

गॅरेजमध्ये कोड कोणता आला, तो कोणत्या चाकाचा आणि चालू वेग पाहिला का, हे विचारून घ्यावे. नुसता कोड पुसला तर कारण कायम राहते आणि तोच दोष पुन्हा आढळताच दिवा परत लागतो.

जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी एक सोपी तपासणी आहे. चावी फिरवल्यावर एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोलचे दिवे लागून काही सेकंदांत विझले पाहिजेत. ते विझले नाहीत तर बिघाड आहे. ते लागलेच नाहीत, तर बिघाड लपवण्यासाठी कुणी दिवाच बंद केला आहे का, हे व्यवहारापूर्वी तपासून घ्यावे.