दिनविशेष : ५ ऑगस्ट १९८१
संपावर गेलेल्या ११ हजारांहून अधिक हवाई वाहतूक नियंत्रकांना अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी आजच्या दिवशी बडतर्फ केले. पगारवाढ आणि ३२ तासांचा आठवडा या मागण्यांसाठी ‘पॅटको’ या त्यांच्या संघटनेने ३ ऑगस्टला संप पुकारला होता. सरकारी नोकरांना संपबंदी असल्याने ‘४८ तासांत हजर व्हा’, असे रेगन यांनी बजावले होते. गंमत म्हणजे, १९८०च्या निवडणुकीत बहुतेक बड्या कामगार संघटना डेमोक्रॅट कार्टर यांच्यामागे असताना ‘पॅटको’ने पाठिंबा दिला तो रिपब्लिकन रेगन यांना! स्वतः रेगनही एकेकाळी हॉलिवूडमधील अभिनेत्यांच्या संघटनेचे अध्यक्ष होते. ऑक्टोबरमध्ये ‘पॅटको’ची मान्यताही गेली. बडतर्फांना विमान वाहतूक खात्यात पुन्हा घेण्यावरची बंदी उठली १९९३ मध्ये, डेमोक्रॅट क्लिंटन यांच्या काळात.