अडीच सेंट आणि विजेची गिटार

मला ब्लूज आवडतं म्हटलं की मंडळातले रसिक हमखास विचारतात, "ते रडकं संगीत?" शब्द दुःखाचे असतात हे खरं. पण शिकागोत पीएच.डी. करताना ज्याचा मला नाद लागला, ते विजेच्या गिटारवरचं ब्लूज घर सोडून निघालेल्यांचं आहे. म्हणून ही हकिगत.

मकिन्ली मॉर्गनफील्ड ऊर्फ मडी वॉटर्स मिसिसिपीत क्लार्क्सडेलजवळच्या स्टोव्हल मळ्यावर राहायचा. दिवसा ट्रॅक्टर, शनिवारी रात्री गिटार. बोटात बाटलीच्या मानेचा तुकडा घालून तो तारेवर सरकवायचा. मींड ऐकलेल्या कानाला हे स्वर परके वाटत नाहीत. ऑगस्ट १९४१ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी लोकगीतं गोळा करणारे ॲलन लोमॅक्स आणि फिस्क विद्यापीठाचे जॉन वर्क तिथे पोचले. त्यांनी त्याचं गाणं ध्वनिमुद्रित केलं. आपला आवाज तबकडीवर ऐकून त्याला हुरूप आला. तरी तो मळा सोडून निघाला १९४३ साली, आणि निमित्त पगाराचं होतं. ताशी साडेबावीस सेंटऐवजी त्याने पंचवीस मागितले, मुकादम नाही म्हणाला. अडीच सेंट! आपल्यातलेही बरेचजण असाच हिशेब करून निघाले. तुलना मात्र इथेच थांबवावी. वंशभेदाचे कायदे आणि जमावाची दहशत मागे टाकून आपण आलेलो नाही.

हिशेब मळेवाल्यांनीही केला. २ ऑक्टोबर १९४४ रोजी क्लार्क्सडेलजवळच हॉप्सन मळ्यावर कापूस वेचणाऱ्या यंत्रांचं प्रात्यक्षिक झालं. चांगला मजूर तासाला २० पौंड वेचायचा, यंत्र १००० पौंड. यंत्र इंटरनॅशनल हार्वेस्टरचं, म्हणजे शिकागोच्याच कंपनीचं! ज्या शहरातल्या यंत्राने हातचं काम नेलं, त्याच शहराकडे इलिनॉय सेंट्रलच्या गाडीत बसून माणसं निघाली.

शिकागोत मडीला कागदाच्या कारखान्यात काम मिळालं. रात्री दारूच्या गुत्त्यांत वाजवायला लागला, तर त्या गोंगाटात साधी गिटार ऐकूच जाईना. तेव्हा विजेची आली. छोटे व्हॉल्व्हचे ॲम्प्लिफायर कुवतीपेक्षा जास्त ताणले की स्वरलहरीचा माथा कापला जातो आणि मूळ स्वरात नवे उपस्वर मिसळतात. आमच्या अभ्यासक्रमात हा दोष, डिस्टॉर्शन. इथे त्याच खरखरीत आवाजाने गिटारला माणसाचा गळा दिला. मॅक्सवेल स्ट्रीटच्या रविवारच्या बाजारात तर वादक शेजारच्या घरांतून वायर ओढून रस्त्यावर वाजवायचे.

१९४८ मध्ये ॲरिस्टोक्रॅट कंपनीने मडीची तबकडी काढली. गिटार आणि मोठं बास, बाकी साथ नाही. पहिल्या खेपेच्या प्रती एका दिवसात संपल्या म्हणतात. कंपनीतला भागीदार लेनर्ड चेस लहानपणी पोलंडहून आलेला. पुढे चेस रेकॉर्ड्स त्याच्या घराण्याचीच झाली.

आणि १९५८ चा इंग्लंड दौरा! तिथल्या काही जाणकारांना मळ्यावरचा साधाभोळा गायक हवा होता. विजेचा दणदणाट ऐकून ते बिचकले. १९६३ साली मडी मुद्दाम साधी गिटार घेऊन गेला, तर तरुण श्रोत्यांना आता विजेचीच हवी! परदेशी माणसाने 'अस्सल' असावं म्हणजे नेमकं कसं, हे ठरवणारे दुसरेच असतात.

मडी १९८३ साली शिकागोच्या एका उपनगरात वारला. स्टोव्हलवरची त्याची झोपडी आता क्लार्क्सडेलच्या डेल्टा ब्लूज म्युझियममध्ये आहे. तिच्या एका फळीची गिटार झीझी टॉपच्या बिली गिबन्सने करवून घेतली. अर्थात विजेची.